पिकअपला ट्रेलरचा हूक बसवायचाय? बंपर सोडा, चेसिस धरा

आपल्याकडे चोपडा, यावल, रावेर पट्ट्यात आता घरोघरी पिकअप आहे आणि तिच्या मागं काहीतरी जोडायची हौस नाही तर गरज प्रत्येकाला आहे. कोणाला फवारणीची पाण्याची टाकी, कोणाला जनरेटर, कोणाला डिसेंबरात दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारात घोडा न्यायचाय. ट्रॅक्टर हायवेवर रांगत जातो आणि भाड्याची गाडी प्रत्येक वेळी परवडत नाही. मग माणूस गाडी घेऊन सरळ वेल्डिंगच्या दुकानात जातो, आणि तिथला भाऊ म्हणतो, "आन भो, वेल्डिंग मारी देस, काय हुई?" अर्ध्या तासात बंपरला प्लेट, प्लेटला हूक, झालं काम. रिकामा ट्रेलर ओढेपर्यंत ते दिसतंही झकास. भरलेला ट्रेलर खड्ड्यात आदळला की मग ती प्लेट बंपरासकट हातात येते, कारण बंपर हा धक्का खायला असतो, वजन ओढायला नसतो.

तर हूक चेसिसलाच, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्यालाच बसवायचा, आणि तोही बोल्टनं. वेल्डिंगनं का नाही ते पुढं येतंच, पण पान्याला हात लावायच्या आधी वजनाचा हिशोब करून घ्या, कारण सगळं त्याच्यावर ठरतं.

हजार लिटरची टाकी म्हणजे नुसतं पाणीच हजार किलो. टाकी, पंप, ट्रेलरचा सांगाडा, चाकं मिळून अजून तीनशे-चारशे धरा. म्हणजे तेराशे-चौदाशे किलो मागं लोंबकळणार. ह्याच्यातलं साधारण १० ते १५ टक्के वजन ट्रेलरच्या नाकावर, म्हणजे थेट आपल्या हुकावर यायला पाहिजे. चौदाशेच्या ट्रेलरला १४० ते २१० किलो. कमी आलं तर साठच्या स्पीडपुढं ट्रेलर शेपटी हलवायला लागतो आणि मग स्टेअरिंग कितीही धरा, गाडी तुमची राहत नाही. जास्त आलं तर पाटे बसतात, पुढची चाकं हलकी होतात, हेडलाइट आभाळात जातात. हे वजन मोजायला काही लॅब लागत नाही, घरी कापूस मोजायचा प्लॅटफॉर्म काटा असतोच, सपाट जागेवर ट्रेलर भरून उभा करा, चाकांना दगड लावा, आणि ट्रेलरचं नाक जोडताना जितक्या उंचीवर असतं तितक्याच उंचीवर लाकडाचा टेकू देऊन काट्यावर ठेवा. आकडा समोर. कमी-जास्त असेल तर ट्रेलरमधला माल पुढं-मागं सरकवा. पूर्ण ट्रेलरचं वजन हवं असेल तर कुठल्याही जिनिंगच्या भुईकाट्यावर मिळतं.

नाकावरचं वजन आणखी एक खेळ करतो. समजा हुकावर १५० किलो आलं, हूक मागच्या धुरीच्या (अ‍ॅक्सलच्या) सव्वा मीटर मागं आहे आणि व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या धुरीतलं अंतर, ३ मीटर आहे, तर मागच्या धुरीवर १५० नाही, जवळपास २१० किलो वाढतं आणि पुढच्या धुरीवरचं ६० कमी होतं. म्हणून हूक जितका मागच्या चाकांच्या जवळ तितकं बरं, लांबलचक पाइप मागं काढून त्याच्या टोकाला बॉल (ट्रेलर अडकवायचा लोखंडी गोळा) लावणं म्हणजे उगाच संकट. आणि हे वजन गाडीच्या पासिंगच्या वजनातच धरायचं असतं, हौद्यात आधीच पोटॅशच्या गोण्या ठासून भरल्या असतील तर हुकासाठी जागा उरलेली नाही हे समजून घ्या.

कागदाचं पण एकदा बोलून टाकतो. मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये ट्रेलर हे स्वतंत्र वाहन आहे, त्याची वेगळी नोंदणी लागते, त्याचा नंबर त्याच्यावर पाहिजे आणि ओढणाऱ्या गाडीचा नंबरही ट्रेलरच्या मागं दिसला पाहिजे. त्याच कायद्याचं कलम ५२ गाडीत केलेल्या बदलांबद्दल आहे. त्यामुळे जळगाव असो, धुळे असो की नंदुरबार, आधी आरटीओत आणि तुमच्या इन्शुरन्सवाल्याला विचारा, मग खर्च करा. गाडीच्या मॅन्युअलमध्ये ओढायच्या वजनाचा आकडा दिलाय का तेही बघा. दिला असेल तर तोच शेवटचा शब्द, हूक कितीही जाड असू दे. मॅन्युअलमध्ये ओढूच नका लिहिलं असेल तर हा लेख इथंच बंद करा.

आता हूक कोणता. बाजारात दोन तऱ्हा दिसतात, एक सरळ पक्का बॉल असलेला टो बार, दुसरा रिसीव्हरवाला, म्हणजे चेसिसला आडवा दांडा, त्याच्या मध्ये चौकोनी नळी, आणि त्या नळीत बॉलचा दांडा घालून आडवी पिन मारायची. मला रिसीव्हरवालाच आवडतो, काम झालं की बॉल काढून ठेवता येतो, बाजारात गर्दीत कोणाच्या नडगीला लागत नाही, आणि ट्रेलरप्रमाणे उंच-सखल दांडा बदलता येतो. हेवी ड्यूटी कामाला २ इंची नळी घ्या, तिला १६ एमएमची पिन लागते. हुकावर वजनाची प्लेट किंवा स्टिकर असतो तो वाचा, पण एक लक्षात असू द्या, गाडी, हूक, दांडा, बॉल, ट्रेलरचं कपलर (बॉलवर बसणारी वाटी), साखळी, ह्या सगळ्यात ज्याचा आकडा सगळ्यात कमी तोच तुमचा आकडा. तीन टनाचा हूक घेऊन त्याच्यावर एक टनाचा बॉल लावणारे लोक मी बघितलेत.

बॉलची साइज डोळ्यानं ठरवू नका. एक ५० एमएमचा येतो आणि एक २ इंची येतो, म्हणजे ५०.८ एमएम. फरक एका एमएमपेक्षा कमी, हातात घेतले तर सारखेच वाटतात. पण २ इंची कपलरमध्ये ५०चा बॉल घातला की तो आत खडखड करतो, झिजतो आणि एखाद्या गतिरोधकावर कपलर वर उचलून निघू शकतो. दोन्हीवर साइज कोरलेली असते, चिखल पुसून वाचा.

तुमच्या मॉडेलचा तयार किट मिळाला तर डोळे झाकून तोच घ्या, कारण तो चेसिसच्या कंपनीच्या भोकांवर बसतो, ड्रिल मारावंच लागत नाही. नाहीच मिळाला आणि फॅब्रिकेशनवाल्याकडून बनवून घ्यायचा असेल तर बाजूच्या प्लेटा ८-१० एमएमच्या, प्रत्येक बाजूला कमीत कमी तीन बोल्ट आणि ते एका रेषेत नाही तर पसरलेले, वेल्डिंग जे करायचं ते हुकाचे भाग आपसात जोडायला, गाडीपासून लांब, टेबलावर. आणि अशा घरगुती हुकाला कोणी टेस्ट केलेलं नसतं, त्याच्यावर जनरेटर, छोटी टाकी एवढंच ओढा, घोडा नको.

चेसिसवर वेल्डिंग का नको, तर ज्या पट्टीवर वेल्ड बसतो तिच्या शेजारचा लोखंडाचा भाग तापून त्याचा कस बदलतो आणि पुढं रोजच्या हादऱ्यानं नेमकी तिथूनच बारीक चीर सुरू होते. वेल्ड धरून राहतो, चेसिस फाटते. वर गाडीतला ईसीएम (इंजिनाचा कॉम्प्युटर), अल्टरनेटर वेल्डिंगच्या करंटनं गेला तर तो खर्च वेगळा.

बोल्टवर पैसे वाचवू नका. डोक्यावर ८.८ किंवा १०.९ कोरलेला बोल्टच घ्या, दुकानात एचटी बोल्ट म्हणून मिळतो. डोकं कोरं असेल तर तो साधा एमएस बोल्ट, कुंपणाच्या फाटकाला ठीक. नट पण त्याच ग्रेडचा, आणि नायलॉकचा, म्हणजे आत नायलॉनची रिंग असलेला, असेल तर एकदा काढलेला परत वापरायचा नाही.

सामान म्हणाल तर दोन मजबूत जॅक, दोन घोड्या (उचललेली गाडी टेकवायचे स्टँड), गोटी पान्याचा सेट, टॉर्क पाना (मोजून कसायचा पाना), तारेचा ब्रश, पक्कड, ड्रिल मारायचं असेल तर चांगले एचएसएस बिट, सेंटर पंच, गंज सोडवायचा स्प्रे, रेडऑक्साइड. आणि एक माणूस, कारण हेवी हूक वीस-तीस किलोचा सहज असतो आणि तो उताणं झोपून तोंडावर एकट्यानं धरायचा नसतो.

जागा बघा. शेतात काळ्या मातीवर गाडी उचलायची नाही, वरून कडक दिसते आणि जॅकखाली हळूच दबते. सिमेंटचा ओटा, गोडाऊनची फरशी, काहीच नसेल तर जाड फळ्या. एप्रिल-मे असेल तर सकाळी सहाला सुरू करा, अकरानंतर चेसिसला हात लावून दाखवा म्हणावं. पुढच्या चाकांना मागून-पुढून दगड, हँडब्रेक, गिअरमध्ये गाडी, आणि मागून उचलून वजन घोड्यांवर. नुसत्या जॅकवर गाडी ठेवून खाली शिरायचं नाही म्हणजे नाही, मग काम दोन मिनिटांचं असो.

स्टेपनी पोटाखाली असेल तर ती आधी उतरवा, निम्मी जागा तिथंच मोकळी होते. बॅटरीची निगेटिव्ह काढून ठेवा. सायलेन्सरचा पाइप आड येत असेल तर त्याचं रबर सोडवा, साबणाचं पाणी लावलं की रबर निसटतं, पण पाइप लोंबकळत ठेवू नका, तारेनं बांधा. मग तारेचा ब्रश घेऊन चेसिसची शेवटची दीड-दोन फूट लांबी दोन्ही बाजूंनी आतून-बाहेरून घासा.

इथं घाई नको. आपल्याकडच्या गाड्या खत वाहतात, आणि पोटॅश म्हणजे क्लोराइड, हौद्याच्या फटीतून ते ओल्या पावसाळ्यात खाली उतरतं आणि चेसिसच्या नेमक्या मागच्या टोकाला, आडव्या मेंबरच्या सांध्यात जाऊन बसतं. वरून रंग चांगला दिसतो, आत पापुद्रे. हातोडीनं हलकेच ठोकत जा, खणखणीत आवाज आला तर पत्रा शाबूत, भद्द आवाज आला किंवा पापुद्रा निघाला तर खरवडून बघा. पेचकस टोचल्यावर आत घुसत असेल तर त्या चेसिसला हूक बसवायचाच नाही, आधी चेसिसवाल्याकडे. गाडी जुनी घेतलेली असेल तर कोणी आधी तिथं वेल्डिंग मारून पुट्टी-रंग केलाय का तेही बघून घ्या.

ज्या जागेवर हुकाची प्लेट टेकणार तिथला जाड रंग, डांबरासारखं अंडरकोटिंग खरवडून काढा. रंगाचा थर मध्ये राहिला तर तो दाबानं हळूहळू सरकतो आणि आज कसलेला बोल्ट आठवड्यानं ढिला. उघड्या लोखंडावर रेडऑक्साइडचा एक पातळ हात आणि पूर्ण सुकू द्या, एवढंच.

आता हूक जॅकवर ठेवून वर न्या, दुसरा माणूस एका बाजूनं धरेल, आणि भोकं जुळवा. चेसिसला आत नट आधीच वेल्ड केलेले असतील तर त्यांचे आटे ब्रशनं आणि स्प्रेनं साफ करा, बोल्ट आधी बोटानं चार-पाच आटे गेला पाहिजे, गन लावून घुसवला की आटे मेले म्हणून समजा आणि आतला नट मेला की खरी पंचाईत.

चेसिस सी-चॅनल, म्हणजे एका बाजूनं उघडी असेल तर आत हात जातो, सोपं आहे. चौकोनी बंद चेसिस असेल तर आत बोल्ट पोचवायचा कसा हा प्रश्न पडतो, त्याला एक मस्त युक्ती आहे. कडक तार घ्या, तिच्या एका टोकाला बोल्टाच्या आट्यांवर घट्ट बसतील असे स्प्रिंगसारखे चार-पाच वेढे करा, किटमध्ये अशी तयार तार येतेच. वेढ्यांचं टोक हूक बसणार त्या भोकातून आत घाला आणि चेसिसच्या मागच्या उघड्या तोंडातून किंवा शेजारच्या मोठ्या भोकातून बाहेर काढा, सरळ टोक हुकाच्या बाजूलाच बाहेर राहू द्या. इथंच सगळे गोंधळतात, सरळ टोक आधी आत घातलं की वेढे उलट्या बाजूला राहतात.  मग त्या वेढ्यांवर आधी मध्ये भोक असलेली चौकोनी पट्टी ओवा, मग बोल्टाचं आट्याचं टोक वेढ्यांत फिरवून बसवा, दोन्ही आत ढकला आणि दुसरीकडून तार हळूच ओढा. बोल्ट पट्टी घेऊन येतो आणि त्याचं आट्याचं टोक बरोबर भोकातून बाहेर निघतं. तार ओढताना झटका देऊ नका, बोल्ट सुटून चेसिसच्या पोटात गेला तर तो जन्मभर आत वाजत राहील. तारा हुकाच्या भोकांतून ओवून हूक वर लावा, मग तार उलटी फिरवून काढा आणि लगेच नट लावा.

बंद चेसिसच्या आरपार एका बाजूनं दुसऱ्या बाजूला लांब बोल्ट जाणार असेल तर आत नेमक्या मापाचा जाड पाइपचा तुकडा घालावाच लागतो. तो नसेल तर बोल्ट कसला की चेसिसच्या भिंती आत दबतात, तुम्हाला वाटतं बोल्ट कसतोय, प्रत्यक्षात चेसिस चेपतेय.

ड्रिल मारायची वेळ आलीच तर चेसिसच्या उभ्या भिंतीत मारा, वरच्या आणि खालच्या आडव्या पट्टीला भोक पाडायचं नाही, सगळा ताण तिथंच असतो. ड्रिलच्या आधी मागच्या बाजूला हात फिरवून ब्रेकची नळी, डिझेलची नळी, वायरिंग कुठं आहे ते बघा आणि बाजूला करा. सेंटर पंच, ६ एमएमचा बिट, मग मोठा, एम१२ (१२ एमएम जाडीच्या) बोल्टाला १३चं भोक पुरे. स्पीड कमी, तेल सोडत राहा. गॅसनं भोक पाडायचं नाही. भोकाची कड कानशीनं साफ, आत रंग.

सगळे बोल्ट हातानं लागले की मग हूक मध्यात आहे का ते दोन्ही चाकांपासून टेपनं मोजा, दोरी लावून सरळ आहे का बघा, आणि मगच कसायला घ्या, एकदा डावा, एकदा उजवा, असं दोन-तीन फेऱ्यांत. टॉर्कचा आकडा किटच्या कागदावरचा. कागद नसेल तर कोरड्या आट्यांना साधारण असा हिशोब: एम१२ला ८.८ असेल तर ८० न्यूटन मीटर, १०.९ असेल तर ११५, एम१४ ८.८ला १३०, एम१६ ८.८ला २००. आट्यांना तेल-ग्रीस लावलं असेल तर एवढा टॉर्क जास्त होतो, बोल्ट ताणला जातो, म्हणून आटे कोरडेच ठेवा. टॉर्क पाना नसेल तर शेजारच्याकडून आणा, तोही नसेल तर ताणकाटा वापरा, पान्यावर नटापासून ४० सेंटीमीटरवर काटा अडकवून काटकोनात ओढा, काट्यावर २८ किलो आले की झाले ११० न्यूटन मीटर. पाइप घालून दोघांनी लटकणं हा टॉर्क नाही.

कसून झाल्यावर प्रत्येक नटावरून प्लेटवर पांढऱ्या पेंटची रेघ ओढा. पुढं कधी खाली डोकावलं आणि रेघ तुटलेली दिसली की तो नट फिरलाय, पाना लावायची गरज नाही. बॉलच्या खालचा नट लोक विसरतात, १ इंची दांड्याच्या बॉलला तो ३४० न्यूटन मीटरच्या आसपास लागतो, म्हणजे भरपूर.

सायलेन्सरचं रबर, स्टेपनी परत जागेवर. हौद्याचा फाळका खाली पाडून बघा, बॉलवर आपटतो का, आणि ट्रेलर जोडल्यावर त्याच्या जॅकच्या हँडलवर आपटतो का, हे नंतर कळलं तर फाळक्याला पोचा पक्का.

लाइटचं काम बहुतेक जण टाळतात आणि रात्री बिनलाइटचा ट्रेलर घेऊन हायवेला लागतात, मागून येणाऱ्या ट्रकला तो दिसतच नाही. सात पिनांचा सॉकेट लावा. नेहमीची मांडणी अशी: १ पिवळी डावा इंडिकेटर, २ निळी फॉग, ३ पांढरी अर्थ, ४ हिरवी उजवा इंडिकेटर, ५ तपकिरी उजवा टेललाइट, ६ लाल ब्रेक, ७ काळी डावा टेललाइट. आपल्या गाडीतल्या वायरीचे रंग ह्याच्याशी जुळतीलच असं नाही, टेस्टलॅम्प लावून एकेक वायर शोधा. अर्थ जाड घ्या आणि चेसिसला घासून चकचकीत केलेल्या जागी बोल्टनं लावा, ट्रेलरच्या लाइटच्या निम्म्या तक्रारी अर्थच्याच असतात, ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो वगैरे. २१ वॉटचे जादा बल्ब लागल्यावर इंडिकेटर वेडावाकडा टिकटिकायला लागला तर फ्लॅशर बदला, किंवा सरळ ट्रेलरचा वेगळा रिले फ्यूजसकट बॅटरीवरून घ्या. वायर पिळून टेप गुंडाळायची नाही, पहिल्या पावसात हिरवी पडते.

साखळ्या दोन, कपलरच्या खालून एकमेकींना ओलांडून, वळताना ताणणार नाहीत पण रस्त्यावर घासणार नाहीत इतक्या लांब. कपलर सुटलाच तर ट्रेलरचं नाक त्या फुलीवर पडतं, डांबरात घुसत नाही.

ट्रेलर जोडला की तो जमिनीला समांतर दिसला पाहिजे, नाक वर असेल तर खाली जाणारा दांडा घ्या. पहिली फेरी रिकामी, गल्लीत, मग गावाबाहेर. मग भरून. पाण्याची टाकी असेल तर पूर्ण भरा नाही तर पूर्ण रिकामी ठेवा, अर्धी टाकी ब्रेकला पुढं आणि वळणाला बाजूला धावते, आत आडवे पत्रे असतील तर बरंच कमी होतं. ट्रेलरला स्वतःचे ब्रेक नसतील तर जपून, युरोपात बिनब्रेकच्या ट्रेलरला ७५० किलोचीच मर्यादा आहे, आपल्या चौदाशेच्या टाकीचा विचार करा आणि ब्रेकवाला ट्रेलर बनवून घ्या. कन्नडच्या किंवा बिजासनच्या घाटात उतरताना वरूनच खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरायचं नाही.

शंभरेक किलोमीटर झाले की परत खाली शिरून सगळे बोल्ट टॉर्क पान्यानं तपासा, नव्या बसवलेल्या प्लेटा थोड्या बसतातच. नंतर सर्व्हिसिंगला गाडी टाकाल तेव्हा रेघा बघायच्या. बॉलला ग्रीसचा बोटभर हात द्या आणि त्याच्यावर टोपी घाला, नाही तर फुफाटा चिकटून तेच ग्रीस पॉलिश पेपरचं काम करतं. ट्रेलर नसेल तेव्हा दांडा काढून केबिनमध्ये सीटमागं कुठं तरी ठेवा, नंबर प्लेट झाकली जात नाही, आणि पिन क्लिपसकट डॅशबोर्डच्या खणातच, नाही तर निघायच्या वेळी ती सापडत नाही आणि कोणीतरी तिथं साधा बोल्ट घालून निघतो.